निर्णयाविना आशीर्वाद

युगोस्लाव्हियातील मेजुगोर्ये या खेड्यात जून १९८१ मध्ये सहा मुलामुलींनी आपल्याला मरियामातेचे दर्शन झाल्याचे सांगितले. कम्युनिस्ट राजवटीने तेथील धर्मगुरूला तुरुंगात टाकले. मोस्तारच्या बिशपांनीही पुढे या दर्शनांवर अविश्वास दाखविला. तरीही यात्रेकरूंची रीघ थांबली नाही. अखेर १९ सप्टेंबर २०२४ रोजी व्हॅटिकनने तेथील भक्तीस आपली हरकत नसल्याचे जाहीर केले. दर्शने दैवी आहेत की नाहीत, हे सांगण्याचे मात्र टाळले. असा निर्णय यापुढे सामान्यतः देऊच नये, असे त्याच वर्षीच्या मे महिन्यातील नव्या नियमांनी ठरविले आहे.

हा बदल लहान नव्हे. फ्रान्समधील लूर्द येथे बर्नादेतला १८५८ साली झालेल्या दर्शनांची बिशपांनी चौकशी करविली आणि १८६२ साली ती खरी असल्याचा निर्वाळा दिला. आता 'हे खरे काय?' या प्रश्नाची जागा 'हे हितकर काय?' या प्रश्नाने घेतली आहे. लाखोंच्या प्रार्थनेला धक्का न लावण्याचे शहाणपण यात आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु आजारी मूल कडेवर घेऊन येणाऱ्या मातेला हितकर ते नको असते, खरे ते हवे असते. धर्मपीठाने मौन धरले म्हणून निर्णय टळत नाही. तो गर्दी देते, आणि गर्दीच्या निर्णयावर अपील नसते.