टीव्ही जागचा हलत नाही, मग त्याला वाय-फाय कशाला?

स्मार्ट टीव्ही घेतला, महागडा प्लॅन घेतला, तरी चित्र अडकते. दोष बहुतेक वेळा कंपनीचा नसतो, तर राउटर आणि टीव्ही यांच्यामधल्या भिंतीचा असतो. नाशिककरांनी घर घेताना आणि रंगवतानाच याचा विचार का करायला हवा?

सामना रंगात आला की पडद्यावर गोल चकती फिरू लागते. घरातले आधी रिमोटवर चिडतात, मग इंटरनेटवाल्याला फोन लावतात आणि शेवटी जास्त वेगाचा प्लॅन घेतात. महिन्याचे बिल वाढते, चकती मात्र फिरतच राहते. कारण अडचण घराबाहेर नसून घरातच असते.

केबलच्या काळात काय वेगळे होते?

केबल डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात देशातील ३८ शहरांमध्ये नाशिकचा समावेश होता. ३१ मार्च २०१३ ही त्याची मुदत होती. घरोघरी सेट-टॉप बॉक्स बसले, पण एक गोष्ट तशीच राहिली. केबलची वायर थेट टीव्हीजवळच्या बॉक्सपर्यंत येत होती.

आता फायबर दारापर्यंत येते आणि राउटरपाशी थांबते. पुढचा पंधरा-वीस फुटांचा प्रवास हवेतून होतो. सगळा घोळ या शेवटच्या टप्प्यात आहे.

खरोखर किती वेग लागतो?

फुल एचडी चित्रासाठी साधारण ५ एमबीपीएस आणि फोर-के चित्रासाठी साधारण १५ एमबीपीएस वेग पुरतो. म्हणजे १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर दोन टीव्ही आणि घरातले सगळे मोबाइल आरामात चालायला हवेत.

खात्री करणे सोपे आहे. मोबाइलवर आधी राउटरजवळ आणि मग टीव्हीसमोर उभे राहून स्पीड टेस्ट करावी. राउटरजवळ वेग चांगला आणि टीव्हीजवळ अगदीच कमी दिसला, तर प्लॅन वाढवून काही उपयोग नाही.

भिंत आणि शेजारी

वाय-फाय प्रामुख्याने दोन लहरींवर चालते. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतीतून बऱ्यापैकी आरपार जाते, पण तिच्यावर गर्दी फार. तिच्यात एकमेकांच्या आड न येणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. वीस फ्लॅटच्या इमारतीत वीस राउटर या तीन वाटांवरून जाऊ पाहतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात अडथळा आणतो.

५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान आणि मोकळी असते, पण आरसीसीच्या भिंतीपुढे ती लवकर दम तोडते. काही स्वस्त टीव्ही तर ही लहर पकडतच नाहीत. गंगापूर रोडचा नवा फ्लॅट असो की जुन्या नाशिकमधला जाड भिंतींचा वाडा, राउटर दाराजवळच्या कपाटात आणि टीव्ही आतल्या खोलीत असेल, तर गत एकच.

साधा उपाय : लॅन केबल

वाय-फाय हे हिंडत्याफिरत्या वस्तूंसाठी आहे. मोबाइल, लॅपटॉप हातात घेऊन माणूस घरभर फिरतो. टीव्ही मात्र वर्षानुवर्षे एकाच भिंतीवर असतो. त्याला वायरच द्यावी. शिवाय टीव्ही हवेतून बाजूला झाला, की मोबाइललाही वाट मोकळी मिळते.

त्यासाठी कॅट-६ केबल पुरेशी आहे. ती १०० मीटरपर्यंत चालते. एक टोक राउटरच्या लॅन पोर्टमध्ये, दुसरे टीव्हीच्या मागच्या लॅन पोर्टमध्ये लावायचे आणि सेटिंगमध्ये नेटवर्क वायर्ड करायचे. अनेक टीव्हींचे हे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असते, पण फोर-केसाठी तेवढे भरपूर झाले. केबल विजेच्या वायरच्या पाइपातून मात्र नेऊ नये.

भाड्याच्या घरात भिंत फोडता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. तिथे भिंतीच्या कडेने प्लास्टिकच्या पट्टीतून केबल नेता येते. तेही जमत नसेल किंवा टीव्हीला लॅन पोर्टच नसेल, तर राउटर कपाटाबाहेर काढून उंचावर, टीव्हीच्या समोर दिसेल असा ठेवावा आणि टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर जोडावा. प्लॅन वाढवण्याचा विचार त्यानंतर.

बिल्डरला विचारा

खरा बदल बांधकामातच व्हायला हवा. दिवाणखान्यात टीव्हीसाठी विजेचा आणि केबलचा पॉइंट दिला जातो, पण राउटरच्या जागेपासून टीव्हीपर्यंत लॅनसाठी रिकामा पाइप अनेक घरांत नसतो. बांधकामाच्या वेळी त्याचा खर्च किरकोळ असतो. नंतर मात्र प्लास्टर आणि पीओपी फोडावे लागते.

इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीसाठी मानांकन देण्याचे नियम ट्रायने ऑक्टोबर २०२४ मध्ये जारी केले. पाणी, पार्किंग आणि लिफ्टची चौकशी करणाऱ्या ग्राहकाने या पाइपाबद्दलही विचारले, तर तो देणे बिल्डरला जड नाही.

ज्येष्ठांसाठी हे का महत्त्वाचे?

तरुणांचा टीव्ही अडकला तर ते मोबाइल उघडतात. घरातल्या आजी-आजोबांकडे तो पर्याय बहुधा नसतो. त्यांच्यासाठी टीव्ही म्हणजे बातम्या, कीर्तन, मालिका आणि दिवसभराची सोबत. म्हणून इंटरनेट आले म्हणून सेट-टॉप बॉक्स लगेच काढून टाकू नये. मासिक शुल्क नसलेली डीडी फ्री डिशही इंटरनेटशिवाय चालते.

२०२७ मध्ये सिंहस्थाची पर्वस्नाने आहेत. रामकुंडावरच्या गर्दीत जाणे ज्यांना झेपणार नाही, असे अनेक ज्येष्ठ ती घरबसल्या पडद्यावरच पाहतील. त्याआधी हातात पुरेसा वेळ आहे. या दिवाळीत घराला रंग काढायचा असेल, तर रंगाऱ्याच्या आधी केबलवाल्याला बोलवावे.