तुमच्याकडची लाईट

नवा कॉम्प्युटर बंद पडायला लागला की दुकानदाराकडून तीन वाक्यं ऐकू येतात. ‘व्हायरस गेला असेल.’ ‘फॉरमॅट मारून बघू.’ आणि बिलावरचा पत्ता वाचून झाला की, ‘तुमच्याकडची लाईट खराब आहे.’ पहिली दोन शहरातल्या गिऱ्हाइकालाही मिळतात. तिसरं खास आपल्यासाठी राखून ठेवलेलं असतं. खुटबाव, नानगाव, पारगाव, राहू असं काही बिलावर दिसलं की यंत्राची तपासणी थांबते आणि गावाची सुरू होते.

माझं भांडण या तिसऱ्या वाक्याशी आहे. ते खोटं आहे म्हणून नव्हे. ते निम्मं खरं आहे आणि त्या निम्म्याच्या आडोशाला दुकानदारी चालते, म्हणून.

मी लग्नाचे अल्बम डिझाइन करते. केडगाव, चौफुला, यवत या पट्ट्यातले फोटोग्राफर पेनड्राइव्ह आणून देतात. एका लग्नाचे दोन-अडीच हजार फोटो, त्यातून चाळीस पानांचा अल्बम, पैसे पानावर. जुन्या लॅपटॉपवर एक पान उघडायला चहा उकळून व्हायचा, म्हणून थोडं उसाचं बिल आणि थोडं बचत गटाचं कर्ज असं मिळून ७२ हजारांचा असेंबल्ड डेस्कटॉप पुण्याच्या एका दुकानातून घेतला. ३२ जीबी रॅम, १६-१६ च्या दोन स्टिक. चौथ्या दिवशी निळी स्क्रीन आली. (मायक्रोसॉफ्टने २०२५ पासून ती काळी केली आहे. रंग बदलला, एवढंच.) त्यानंतर रोज दोनदा, कधी चारदा. कधी फोटोशॉप चालू असताना, तर कधी नुसता वॉलपेपर समोर असताना.

आता लाईटचं. आमची वस्ती गावठाणात नाही, मळ्यात आहे. शेतीच्या फीडरवर थ्री फेज पाळीपाळीने येते, एका आठवड्यात दिवसा तर दुसऱ्यात रात्री. बाकीच्या वेळी सिंगल फेज. तेव्हाही कोणीतरी कंडेन्सर लावून टू फेजवर मोटर ओढतंच आणि अख्ख्या वस्तीचे बल्ब पिवळे पडतात. रात्रीच्या पाळीत उसाला पाणी धरायला जाणाऱ्या माणसाला शिरूर-दौंडमध्ये बिबट्याची भीती असते, त्यामुळे दिवसा वीज द्या ही मागणी इथे जिवाची आहे. कॉम्प्युटर तिच्यापुढे किरकोळ. तेव्हा आमची लाईट चांगली आहे असं मी कुठल्याही कोर्टात म्हणणार नाही.

पण वाईट लाईट यंत्राला काय करते आणि काय करत नाही, हे ठरलेलं आहे. दाब क्षणभर घसरला तर एसएमपीएस आपल्या आत साठलेल्या विजेवर काही मिलिसेकंद तग धरतो, त्यापुढे हात टेकतो. मग यंत्र एकदम बंद पडतं किंवा रिस्टार्ट होतं. विंडोजला तेव्हा बोलायलाही वेळ मिळत नाही. पुन्हा सुरू झाल्यावर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद सापडते, आणि तिच्या तपशिलात बगचेक कोडच्या जागी शून्य असतं. निळी स्क्रीन याच्या अगदी उलट. तिथे विंडोज शुद्धीवर असतं. आपल्याच पोटात काहीतरी बिघडल्याचं त्याला कळतं, ते स्वतःहून थांबतं, कारणाचा कोड लिहितं आणि विंडोजच्या फोल्डरात ‘मिनीडंप’ नावाच्या जागी पंचनाम्याची फाईल ठेवून जातं. अचानक मेलेला माणूस आणि चिठ्ठी लिहून गेलेला माणूस यांचा तपास एकाच पद्धतीने होत नाही.

माझ्याकडे अकरा चिठ्ठ्या होत्या आणि जवळजवळ प्रत्येकीत वेगळं कारण. एकदा मेमरी मॅनेजमेंट, एकदा पेज फॉल्ट, एकदा ग्राफिक्सचा ड्रायव्हर, एकदा फाईल सिस्टिम. ड्रायव्हर बिघडला असेल तर बहुधा तेच नाव पुन्हापुन्हा येतं. दर वेळी आरोपी बदलत असेल, तर ज्या जमिनीवर हे सगळे उभे असतात तिच्याकडे पाहायचं. म्हणजे रॅमकडे. हे मी शोधून काढलेलं नाही. यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कुणालाही हे माहीत असतं, निदान असायला हवं.

लाईटचीही बाजू तपासली. यूपीएसच्या डिस्प्लेवर व्होल्टेज दिसतं. निळी स्क्रीन आली की मी वेळ आणि आकडा वहीत लिहायचे. अकरापैकी आठ वेळा दाब २१५ च्या वर होता. आणि एकदा तर लाईट गेलेलीच होती. सगळी वस्ती अंधारात, यंत्र यूपीएसच्या बॅटरीवर, मी घाईघाईने फाईल सेव्ह करतेय आणि तेवढ्यात स्क्रीन निळी. जी लाईट घरात नव्हतीच, तिच्यावर हा गुन्हा कसा लावायचा?

खुटबाव स्टेशनवर डोक्यावर २५,००० व्होल्टची तार असते. तिच्याखाली उभं राहून, कॅबिनेट चादरीत गुंडाळून, मी आणि माझा चुलत भाऊ पुण्याच्या पॅसेंजरची वाट बघत होतो. दुकानात वही मी पुढे केली, उत्तर मात्र भावाला मिळालं. ‘दादा, मॅडमना सांगा, गावाकडं अर्थिंग नसतं. आम्ही फॉरमॅट मारून देतो, स्टॅबिलायझर घ्या.’ भाऊ ट्रॅक्टर चालवतो, कॉम्प्युटरला त्याने कधी हात लावलेला नाही. तीन दिवसांनी फोन आला, ‘आमच्याकडं चालतंय, काही फॉल्ट नाही.’ त्यांच्याकडे काय चाललं? नवं विंडोज आणि यूट्यूबवरचं एक गाणं.

फॉरमॅटला गुण का येतो, हेही समजून घ्या, कारण या औषधावर आपल्या सगळ्यांचाच विश्वास आहे. रॅममध्ये अब्जावधी खाने असतात. त्यातले मोजके खराब असतील, तर त्या खान्यात काही महत्त्वाचं जाऊन पडेपर्यंत सगळं सुरळीत दिसतं. कोऱ्या विंडोजला चार-पाच जीबी पुरतात. चाळीस पानांचा अल्बम उघडला की खराब खान्यापर्यंत पाणी पोचतं. म्हणजे फॉरमॅटने दुखणं बरं होत नाही, रोगी फक्त काम न करता पडून राहतो. आणि ‘आमच्याकडं चालतंय’ हे वाक्य खरंच असतं. आमच्याकडं काम होतं, त्यांच्याकडं नव्हतं.

मग मीच केलं. मेमटेस्ट ही फुकट मिळते, पेनड्राइव्हवर टाकता येते आणि विंडोजच्या आधी सुरू होते. म्हणजे व्हायरस, ड्रायव्हर, क्रॅक सॉफ्टवेअर ही नेहमीची कारणं एका झटक्यात बाद. आधी बायोसमध्ये एक्सएमपी बंद केलं, म्हणजे रॅम ज्यादा वेगाने पळवल्यामुळे अडखळते असं म्हणायला कुणाला जागा राहायला नको. मग एक स्टिक काढली. राहिलेलीवर रात्रभर चार फेऱ्या, एरर शून्य. दुसऱ्या रात्री त्याच स्लॉटमध्ये, त्याच बोर्डावर, त्याच लाईटीवर दुसरी स्टिक. पहिली फेरी पुरी व्हायच्या आत स्क्रीनवर लाल ओळी. तेच घर, तेच अर्थिंग, तोच यूपीएस. बदलली फक्त स्टिक. हा प्रयोग सातवीच्या विज्ञानातला आहे, यासाठी पुण्याला जावं लागत नाही.

ती स्टिक वॉरंटीत बदलून मिळाली, तेविसाव्या दिवशी. तोवर तीन अल्बम दुसरीकडे गेले होते. ते गेले ते गेले. पण खराब रॅमचं खरं नुकसान बंद पडण्यात नसतं, बंद न पडण्यात असतं. पेनड्राइव्हमधला फोटो हार्डडिस्कवर जाताना मध्ये रॅममधून जातो. त्या काळात कॉपी केलेल्या एका लग्नाचे सहा फोटो असे निघाले, की वर नवरा-नवरी आणि अंतरपाट, आणि अर्ध्यापासून खाली हिरवा-राखाडी पट्टा. कुठलाही एरर आला नव्हता. पेनड्राइव्ह परत गेला होता, पुसलाही गेला होता. फोटोग्राफरच्या कार्डात मूळ फोटो निघाले म्हणून वाचलो. नसते निघाले, तर त्या आईबापांना मी काय सांगणार होते? लाईट खराब होती?

मोठ्यांच्या जगात ही गोष्ट कशी हाताळली जाते बघा. २००९ मध्ये टोरांटो विद्यापीठ आणि गूगलच्या संशोधकांनी गूगलच्या सर्व्हरांमधल्या रॅमचा अडीच वर्षांचा हिशेब छापला. दरवर्षी साधारण ८ टक्के रॅम मॉड्यूल्समध्ये चुका नोंदल्या गेल्या होत्या. त्या नोंदवता आल्या, कारण सर्व्हरच्या रॅममध्ये चूक ओळखून दुरुस्त करण्याची सोय असते, तिला ईसीसी म्हणतात. घरगुती यंत्रातून ती सोय जवळजवळ हद्दपार झाली, याबद्दल लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०२१ च्या जानेवारीत इंटेलला जाहीरपणे धारेवर धरलं होतं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका अपडेटमुळे जगभरातली ८५ लाख विंडोज यंत्रं कोसळली, आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. त्या प्रकरणात काही तासांत कारण सापडलं, पुढे सविस्तर अहवालही निघाला. ‘तुमच्या विमानतळाचं अर्थिंग बघा’ असं कुणी म्हणालं नाही.

पण एकट्यादुकट्याचं यंत्र बंद पडतं, तेव्हा मोठ्या कंपन्यांची पहिली प्रतिक्रियाही आमच्या दुकानासारखीच असते. १९९४ मध्ये थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकाला पेंटियम प्रोसेसर भागाकार चुकवतो हे सापडलं. इंटेलचं उत्तर असं, की सामान्य वापरात ही चूक २७,००० वर्षांतून एकदा भेटेल, आणि चिप बदलून हवी असेल तर तुम्हाला तिची खरंच गरज आहे हे पटवून द्या. लोक खवळले, डिसेंबरमध्ये मागेल त्याला चिप बदलून देण्याचं जाहीर करावं लागलं आणि त्यापायी ४७.५ कोटी डॉलरचा फटका बसला. तीस वर्षांनी तेच नाटक. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या महागड्या प्रोसेसरवर गेम कोसळत होते. स्क्रीनवर संदेश यायचा, व्हिडिओ मेमरी संपली. पोरं ग्राफिक्स कार्डाचे ड्रायव्हर बदलत बसली, विंडोज पुन्हापुन्हा टाकत बसली. अखेर जुलै २०२४ मध्ये इंटेलने कबूल केलं, की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागून घेत होता आणि त्यामुळे झिजत होता. वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. व्होल्टेजचाच दोष होता म्हणायचं, पण कुणाच्या गावातल्या नव्हे, चिपच्या आतल्या.

कायदा आपल्या बाजूने आहे, निदान कागदावर. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगात करता येते, दुकान कुठेही असो. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. मुदत दोन वर्षं. दोष नुसता बघून कळणारा नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, तशी तरतूद आहे. १९१५ या हेल्पलाइनवर फोन करता येतो. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलही सुरू केलं. पण लग्नसराई आयोगाच्या तारखेसाठी थांबत नाही. दोष शोधायची मेहनत गिऱ्हाइकाने करायची आणि तोवर दुकानदाराचं ‘काही फॉल्ट नाही’ हे पुराव्याशिवाय खरं मानायचं, हा उलटा न्याय आधी बदलला पाहिजे.

आमच्याकडे रोज सकाळी डेअरीवर दूध जातं. पाच लिटर असो की पन्नास, मशीनमध्ये नमुना घालतात, फॅट आणि एसएनएफ मोजतात, पावती हातात देतात. फॅट पॉइंटभर कमी लागली तर दर कापतात. शेतकरी म्हणत नाही, की आमच्या गोठ्यात बरोबर होती, तुमच्याकडची लाईट खराब आहे. त्याने म्हटलं तरी कोण ऐकेल? बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती छापलेली असते, कारण कायदाच तसा आहे. विहिरीची मोटर घेताना दुकानदार फिरवून दाखवतो. म्हणजे खेड्यातून शहराकडे जाणारी वस्तू मापून घेतली जाते. शहरातून खेड्याकडे ७२ हजारांची वस्तू येते, ती मात्र ‘चालतंय’ या एका शब्दावर.

म्हणून तुमच्यापैकी जे कुणी मोबाइलवरून पहिल्या डेस्कटॉपकडे वळणार आहेत, गेमिंगसाठी असेल, एडिटिंगसाठी असेल, नाहीतर घरून नोकरी करायला, त्यांनी पैसे देण्याआधी एकच मागावं. यंत्र जोडून झालं की एक रात्र मेमटेस्ट आणि तिचा निकाल बिलावर लिहून. आरजीबीचे दिवे एक कमी दिले तरी चालतील.

वेळ नाही, असं दुकानदार म्हणतील. मला म्हणालेच. पण ही चाचणी माणसाशिवाय चालते. रात्री नऊला शटर खाली येतं, सकाळी दहाला वर जातं. मधले तेरा तास दुकानात कुणीही नसतं. यंत्र शंभर वॅट खातं धरलं, तर सव्वा युनिट होतात. त्याचं लाईट बिल मी भरते.