बातमी वर येते कशी?

मेसमध्ये पेपर आला की आधी कोण उचलणार यावरनं भांडणं व्हायची, असं सिनियर सांगतात. आता प्रत्येकाच्या खिशात स्वतःचा पेपर आहे, त्यामुळं भांडण मिटलं. पण या पेपरचं पहिलं पान लावतं कोण, हे मात्र आपण कुणी विचारत नाही.

मला हा प्रश्न पडला जुलै 2021 च्या महापुरात. आमचं गाव शिरोळ तालुक्यात, पंचगंगेच्या काठावर. कोल्हापूरचं पाणी आमच्याकडं नंतर पोचतं, म्हणून राजाराम बंधाऱ्याच्या पातळीवरनं अंदाज बांधायचा. 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, हे शाळकरी पोरालाही पाठ. त्या संध्याकाळी मोबाइल उघडला तर सगळ्यात वर फोटोसकट पोस्ट : 'पाणी उतरायला लागलं.' मी ती आजोबांना वाचून दाखवली. म्हशी सकाळी हलवू, असं ठरलं.

पोस्ट 2019 च्या पुरातली होती! खाली लोक 'अरे, हे जुनं आहे' म्हणून वाद घालत होते, आणि त्या वादामुळंच ती आणखी वर चढत होती. पहाटे छातीभर पाण्यातनं म्हशी काढल्या. रेडकू गेलं. आजोबा मला एका शब्दानं बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

इंजिनिअरिंगला आल्यावर मग या साइट्सच्या पोटात काय आहे ते शोधत गेलो. 2004 मध्ये डिग आली. वाचकांनीच बातम्यांचे दुवे टाकायचे, वाचकांनीच मतं द्यायची. 2005 मध्ये रेडिट आली, तत्त्व तेच. ऑगस्ट 2010 मध्ये डिगनं साइट नवी केली. नापसंतीचं बटण काढलं आणि प्रकाशकांना आपल्या बातम्या आपोआप टाकायची सोय दिली. वाचक खवळले. त्यांनी डिगचं पहिलं पान रेडिटच्या दुव्यांनी भरून टाकलं आणि पुष्कळ जण तिकडंच मुक्कामाला गेले.

रेडिटनं 2008 मध्ये आपला कोड खुला केला होता. त्यातलं क्रम लावायचं सूत्र आपल्या एम-वनच्या पोरालाही समजेल. पहिल्या 10 मतांनी जेवढं वजन मिळतं, तेवढंच आणखी वाढवायला पुढची 90 मतं लागतात. आणि साडेबारा तास जुन्या पोस्टला ताज्या पोस्टशी टक्कर द्यायला दहापट मतं हवीत. म्हणजे शिळं आपोआप खाली! वादावादी किती झाली हे त्यात धरलेलंच नाही. मतं म्हणजे सत्य नव्हे, हे खरं. पण नियम निदान डोळ्यांसमोर होता.

याउलट ट्विटर (2023 पासून एक्स) आणि इन्स्टाग्राम. तिथं आधी 'नवं ते वर' असा सरळ हिशेब होता. 2016 मध्ये दोघांनीही 'तुम्हाला आवडेल ते वर' सुरू केलं. सोय आहे, नाही असं नाही. नुसतं वेळेनुसार लावलं तर कामाची बातमी शुभ सकाळच्या ढिगात गडप होईल. पण आवडणं वेगळं आणि आत्ता गरज असणं वेगळं. पुरात मला माझ्या आवडीचं नको होतं, शेवटचं रीडिंग हवं होतं.

कुणी म्हणेल, व्हॉट्सअॅपवर क्रम वेळेचाच असतो. असतो, पण तो पाठवल्याच्या वेळेचा, घटनेच्या नव्हे. 2018 मध्ये भारतात एकावेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आली. तरी शिळी बातमी ताजी होऊन येतेच, कारण ती पुढं ढकलणारे आपणच.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. साइट कुठलीही वापरा, पण वर दिसलं म्हणजे ताजं आणि खरं, असं धरू नका. हॉस्टेलच्या ग्रुपवर तारीख, वेळ, ठिकाण नसलेली बातमी टाकायची नाही, असा नियम आपणच करूया. आणि यंदाच्या पावसाळ्यात मेसच्या दारातल्या फळ्यावर बंधाऱ्याची अधिकृत पातळी वेळेसकट रोज लिहूया. खडू माझ्याकडनं. नदीकाठच्या गावची पोरं आपल्यात कमी नाहीत. घरी फोन करताना त्यांच्याकडं खरा आकडा असू दे.

– तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी