पावती वाचणार कोण?

खान्देशचा शेतकरी व्यवहारात भोळा आहे, असे म्हणण्याची एक रीत पडली आहे. ती मला मान्य नाही. व्यापाऱ्याने कापसावर किलोभर जादा कडता लावला, तर आमच्या गावचा निरक्षर म्हातारासुद्धा तो चटकन पकडतो. आज रावेरला केळी काय भावाने गेली, हेही त्याला तोंडपाठ असते. मग असा चाणाक्ष माणूस आयुष्याची पुंजी एखाद्या पतसंस्थेत ठेवून एके दिवशी तिच्या बंद दारापुढे का उभा राहतो? कारण काटा त्याच्या डोळ्यांसमोर असतो. पावतीचा अर्थ मात्र त्याला कोणीच सांगितलेला नसतो.

जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट पतसंस्थेचे प्रकरण आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. अनेक राज्यांत शाखा असलेल्या या संस्थेच्या ठेवी अडकल्या. २०१५ साली अध्यक्ष व संचालकांना अटक झाली आणि त्याच वर्षी संस्थेवर अवसायक नेमला गेला. पुढे २०२० साली नवीनच गुन्हा नोंदला गेला. गरजू ठेवीदारांच्या पावत्या निम्म्याहूनही कमी किमतीत घेऊन त्या कर्जदारांच्या कर्जात पूर्ण रकमेला वळत्या केल्या, असा त्यातील एक आरोप होता. २०२१ साली तर अवसायकालाच अटक झाली. न्यायालयाचे काम न्यायालय करील. आपण यातून काय शिकलो, हा माझा प्रश्न आहे.

पहिली गोष्ट ही की, बँक आणि पतसंस्था एक नव्हेत. बँक सहकारी असली तरी तिला रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो आणि तिच्यातील ठेवीला विम्याचे संरक्षण असते. ही मर्यादा २०२० साली एक लाखावरून पाच लाख रुपये करण्यात आली. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा नाही. काही सहकारी संस्था आपल्या नावात ‘बँक’ हा शब्द वापरतात व त्यांच्या ठेवींना विमा नसतो, असा इशारा रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये दिला होता. तो शिंदखेड्याच्या किंवा पारोळ्याच्या आठवडे बाजारात कितीजणांच्या कानी पडला असेल?

दुसरी गोष्ट सभासदत्वाची. ठेव ठेवताना अनेकांना ‘नाममात्र सभासद’ करून घेतात. अशा सभासदाला मताचा अधिकार नसतो. म्हणजे पैसा त्याचा आणि कारभार दुसऱ्यांचा!

यावर सुशिक्षित मंडळी म्हणतात, “जादा व्याजाचा लोभ केला, मग भोगा.” जादा व्याज हे जादा धोक्याचे चिन्ह असते, हे खरेच, पण ते चिन्ह ओळखायला कोणी शिकवले? आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडिलांची एक ठेव एका पतसंस्थेत अडकली आहे; संस्थेचे नाव येथे महत्त्वाचे नाही. ते लोभाने तिकडे गेले नव्हते. बँकेत फॉर्म भरून द्यायला कोणी नव्हते आणि पतसंस्थेचा पिग्मी एजंट रोज दारी येऊन अहिराणीत बोलत होता. जिथे माणसासारखी वागणूक मिळते, तिथे माणूस विश्वास टाकतो. हा विश्वास म्हणजे गुन्हा नव्हे. गुन्हेगार तो, जो त्याचा गैरफायदा घेतो.

म्हणून नुसते ‘ग्राहकहो, सावध राहा’ म्हणून भागणार नाही. ऑक्टोबर २०२४ पासून बँका व वित्त कंपन्यांनी किरकोळ कर्जदाराला त्याला समजेल अशा भाषेत कर्जाच्या मुख्य अटींचा तक्ता द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मग ठेवीदारानेच काय पाप केले? प्रत्येक पतसंस्थेच्या पावतीवर ठळक मराठीत तीन ओळी हव्यात : या ठेवीला विमा आहे की नाही, संस्थेवर देखरेख कोणाची, आणि तक्रार कोठे करावी. मल्टिस्टेट संस्थांसाठी २०२३ च्या कायदादुरुस्तीने सहकार लोकपालाची तरतूद केली आहे. सहकारी संस्थेच्या सभासदाला ग्राहक न्यायालयाचे दार खुले आहे, हेही सर्वोच्च न्यायालयाने २००३ सालीच सांगितले आहे. पण ज्याला दारच ठाऊक नाही, त्याने ते ठोठवावे कसे?

आणि आपण? आपल्या प्राध्यापकांना माझी नम्र विनंती आहे. अर्थशास्त्राच्या तासाला आपण मागणीचा नियम शिकतो. त्यातला एक तास पावती, पासबुक आणि कर्जाचा करार वाचण्यासाठी द्यावा. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण गावचे रस्ते झाडतो. त्यातील एक संध्याकाळ मारुतीच्या पारावर बसून, लोकांच्या घरातील पावत्या त्यांना त्यांच्याच बोलीत वाचून दाखवण्यात घालवू या. याला अनुदान लागत नाही आणि मंजुरीही लागत नाही. ज्यांच्या घामावर आपण शिकतो, त्यांच्या पैशाची भाषा त्यांना समजावून सांगण्याइतके तरी आपले शिक्षण उपयोगी पडावे.