शेगडी घेण्याआधी

मुलुंडच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे: मुलगा आणि त्याचे तीन मित्र डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर एका रात्रीच्या मुक्कामाला निघाले आहेत. चौघांचाही चौविहार असतो आणि पाणी उकळलेलेच चालते. पाठीवरच्या पिशवीत मावेल अशी कोणती शेगडी घ्यावी?

माझा उलट प्रश्न, मुले जाणार कशाने? कसाऱ्यापर्यंत लोकलने जाणार असतील तर कोणतीच घेऊ नये. गॅसची डबी असो वा रॉकेलचा स्टोव्ह, रेल्वेत दोन्ही निषिद्ध आहेत. रेल्वे अधिनियम, 1989 च्या कलम 164 प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. 26 ऑगस्ट 2023 रोजी मदुराई येथे लखनऊहून निघालेल्या यात्रेकरूंच्या डब्याला आग लागून नऊ जण मृत्युमुखी पडले. डब्यात चोरून आणलेला सिलिंडर होता. आपल्या यात्रासंघांतही ‘एवढ्याशा शेगडीने काय होते’ असे म्हणणारे भेटतात. अशा मुलांनी पायथ्याच्या पाचनई गावात आधी कळवून एखाद्या घरी कांदा-लसूण व कंदमुळे वर्ज्य करून जेवण आणि उकळलेले पाणी सांगून ठेवावे.

स्वतःच्या गाडीने जाणार असतील तर 230 ग्रॅमच्या डबीवर फिरवून बसणारा छोटा बर्नर पुरेसा आहे. विक्रेता चहाचा हिशेब सांगतो. आपला हिशेब पाण्याचा. माणशी तीन लिटर म्हणजे बारा लिटर. वारा नसताना लिटरभर पाणी उकळायला साधारण 15 ग्रॅम गॅस लागतो, म्हणजे 180 ग्रॅम पाण्यातच गेले. खिचडीसाठी दुसरी डबी हवीच. सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. दोन लिटरच्या पातेल्यात सहा खेपा, प्रत्येकीला आठ-दहा मिनिटे आणि वर स्वयंपाक, तेव्हा चारला शेगडी पेटली पाहिजे. गडावर वारा फार. आडोसा एकाच बाजूला करावा. डबीला चहूबाजूंनी झाकले तर ती तापून फुटू शकते. तंबूत तर शेगडी पेटवूच नये, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. निव्वळ ब्युटेन शून्याच्या आसपास मंदावते. सह्याद्रीत त्याने फारसे अडत नाही, हिमालयात मात्र प्रोपेन मिसळलेली डबी लागते.

काटक्यांवरची शेगडी स्वस्त आणि हलकी, म्हणून मुलांना मोह पडेल. पण वाळल्या लाकडात किती जीव असतात हे आपल्या घरी सांगायला नको, शिवाय हा गड अभयारण्यात आहे.

मुक्काम नसेल तर हा सारा खटाटोप नकोच. उकळलेल्या पाण्याची मर्यादा हिवाळ्यात चार प्रहर, म्हणजे सुमारे बारा तास. पहाटे घरून भरून नेलेले पाणी दुपार उलटेपर्यंत चालते. पावसाळ्यात ती तीनच प्रहर असते, तेव्हा परतीची वेळ घड्याळ पाहून ठरवावी.