अर्ध्या मताचे अंकगणित

शनिवारी, ७ जून २००८ रोजी, हिलरी क्लिंटन यांनी आपली मोहीम थांबवून बराक ओबामा यांना पाठिंबा जाहीर केला आणि ३ जानेवारीला आयोवात सुरू झालेली डेमोक्रॅटिक पक्षांतर्गत लढत अखेर संपली. पाच महिने चाललेल्या या झुंजीत दोघांनाही पावणेदोन कोटींच्या आसपास मते मिळाली. मतांच्या बेरजेत नेमके पुढे कोण, या प्रश्नाचे उत्तर मिशिगन राज्याची मते मोजायची की नाही यावर बदलते. उमेदवारी मात्र मतांच्या बेरजेने ठरत नाही. ती ठरणार होती ऑगस्टमध्ये डेन्व्हर येथे भरणाऱ्या महाअधिवेशनातील प्रतिनिधींच्या संख्येने. ही संख्या कशी बनते, हे ज्या छावणीने आधी समजून घेतले ती जिंकली. दुसरी छावणी राज्ये जिंकत राहिली आणि हरली.

आपल्याकडील बहुतेक वार्तांकनात ‘अमुक राज्य क्लिंटन यांनी खेचले, तमुक ओबामांनी’ अशीच भाषा होती. विधानसभेच्या जागा मोजण्याची सवय असलेल्यांना ती स्वाभाविक वाटली असेल. पण डेमोक्रॅटिक पक्षाच्या नियमांत राज्य जिंकण्याला स्वतंत्र मोल जवळपास नाहीच. किमान १५ टक्के मते मिळवणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला मतांच्या प्रमाणात प्रतिनिधी मिळतात आणि त्यांतील बहुतांश प्रतिनिधींची वाटणी राज्य पातळीवर न होता एकेका मतदारसंघात होते. चार प्रतिनिधींच्या मतदारसंघात एकाला ६० टक्के आणि दुसऱ्याला ४० टक्के मते मिळाली, तरी दोघांच्या पदरात दोन-दोनच पडतात. साडेबासष्ट टक्क्यांची रेषा ओलांडल्याखेरीज तिसरा प्रतिनिधी हाती लागत नाही. उलट तीन प्रतिनिधींच्या मतदारसंघात काठावरचे बहुमतही एकाची आघाडी देऊन जाते. कोणत्या मतदारसंघात सभा घ्यायची आणि कोणत्या मतदारसंघात पैसा वाया घालवायचा नाही, याचा निर्णय या सम-विषम संख्यांवर होतो.

न्यू हॅम्पशायरमध्ये क्लिंटन विजयी झाल्या तेव्हा त्यांच्या पुनरागमनाचे मोठे मथळे झळकले. प्रतिनिधी मात्र दोघांना नऊ-नऊ मिळाले. नेवाडात त्यांना अधिक पाठिंबा होता, तरी ओबामा १३ विरुद्ध १२ असे पुढे राहिले. ५ फेब्रुवारीच्या ‘सुपर ट्यूसडे’ला याहून बोलके उदाहरण घडले. न्यू जर्सीत दहा लाखांहून अधिक लोकांनी मतदान केले, क्लिंटन स्पष्टपणे जिंकल्या आणि त्यांना ५९ विरुद्ध ४८, म्हणजे ११ प्रतिनिधींची आघाडी मिळाली. त्याच दिवशी आयडाहो या डोंगराळ, रिपब्लिकन वर्चस्वाच्या राज्यात जेमतेम २१ हजार लोक कॉकसला आले. ओबामांनी तेथील १८ पैकी १५ प्रतिनिधी मिळवले. आघाडी १२ ची. दहा लाखांच्या राज्यातील विजय २१ हजारांच्या राज्याने पुसून टाकला, तोही एक प्रतिनिधी वर राखून.

क्लिंटन यांच्या मोहिमेचा अंदाज असा होता, की मोठ्या राज्यांच्या जोरावर ५ फेब्रुवारीलाच निकाल लागेल. त्यापुढच्या राज्यांसाठी पुरेशी तयारी नव्हती, पैसाही आटत आला होता. त्यानंतर ओबामांनी ओळीने अकरा लढती जिंकल्या, आणि नुसत्या जिंकल्या नाहीत, तर मोठ्या फरकाने जिंकल्या. व्हर्जिनियात त्यांना ५४ आणि क्लिंटन यांना २९ प्रतिनिधी मिळाले. फेब्रुवारी संपेपर्यंत मतदानातून निवडलेल्या प्रतिनिधींतील त्यांची आघाडी दीडशेच्या आसपास गेली होती. प्रमाणशीर वाटपाच्या पद्धतीत अशी आघाडी तोडणे किती कठीण असते, हे २२ एप्रिलला पेनसिल्व्हेनियाने दाखवून दिले. सहा आठवड्यांचा घणाघाती प्रचार झाला, क्लिंटन नऊ टक्क्यांच्या फरकाने जिंकल्या आणि त्यांना प्रतिनिधी किती अधिक मिळाले? बारा. म्हणजे आयडाहोत गमावले तेवढेच. मार्चपासून जूनपर्यंतची बरीचशी चुरस ही दूरचित्रवाणीवरची चुरस होती. कागदावरचा हिशेब फारसा हलत नव्हता.

टेक्सासचा किस्सा तर वेगळा सांगावा असा आहे. तेथे ४ मार्चला दिवसा मतदान झाले आणि त्याच संध्याकाळी कॉकस. मतदानात क्लिंटन जिंकल्या आणि त्यांना ६५ विरुद्ध ६१ प्रतिनिधी मिळाले. कॉकसमधून ओबामांना ३८ आणि त्यांना २९ मिळाले. एकूण बेरीज ९९ विरुद्ध ९४, म्हणजे मतांत हरलेला उमेदवार प्रतिनिधींत जिंकला. शिवाय त्या राज्यात मतदारसंघागणिक प्रतिनिधींची संख्या लोकसंख्येवरून नव्हे, तर मागील निवडणुकांत पक्षाला तेथे किती मते पडली यावरून ठरते. त्यामुळे ऑस्टिनच्या मतदारसंघाला आठ प्रतिनिधी होते, तर मेक्सिकोच्या सीमेलगतच्या हिस्पॅनिक वस्तीच्या काही मतदारसंघांना तीन किंवा चार. मतांचे मूल्य जागेप्रमाणे बदलणे भारतीय वाचकाला परके नाही. २००७ साली प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या त्या निवडणुकीत उत्तर प्रदेशच्या आमदाराच्या मताचे मूल्य २०८ होते, महाराष्ट्राच्या आमदाराचे १७५ आणि सिक्कीमच्या आमदाराचे अवघे ७. पण आपले कोष्टक निदान १९७१ च्या जनगणनेवर, माणसांच्या संख्येवर उभे आहे. टेक्सासचे कोष्टक निष्ठेवर उभे आहे. ज्यांनी पूर्वी पक्षाला साथ दिली त्यांचा आवाज आज मोठा.

असे विचित्र नियम आले कोठून? प्रत्येक नियमामागे एक जुनी जखम आहे. १९६८ साली ह्युबर्ट हम्फ्री एकही प्राथमिक निवडणूक न लढवता शिकागोच्या अधिवेशनात उमेदवार झाले आणि बाहेर रस्त्यांवर दंगल उसळली. त्यानंतर नेमलेल्या मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोगाने उमेदवारीची सूत्रे पक्षाच्या मुखंडांच्या हातून काढून मतदारांकडे दिली. पुढे १९७२ आणि १९८० मध्ये पक्षाचा दारुण पराभव झाला, तेव्हा मतदारांवर सर्वस्वी विसंबणेही धोक्याचे वाटू लागले. मग १९८४ पासून खासदार, राज्यपाल आणि पक्षपदाधिकारी यांना ‘सुपर डेलिगेट’ म्हणून कोणत्याही कौलाने न बांधलेले मत मिळाले. २००८ मध्ये अशांची संख्या आठशेच्या आसपास होती. म्हणजे एकूण प्रतिनिधींपैकी सुमारे पाचवा हिस्सा.

२००८ मध्ये या पाचव्या हिश्श्याने पक्षाची झोप उडवली. या मंडळींनी आपापल्या मतदारांचा कौल मानावा, असे ओबामांचे समर्थक म्हणत होते. अटलांटाचे खासदार आणि नागरी हक्क चळवळीतील ज्येष्ठ नेते जॉन लुईस यांनी फेब्रुवारीत क्लिंटन यांचा पक्ष सोडून ओबामांना साथ दिली, त्यामागे हेच कारण होते. पण मग मॅसॅच्युसेट्सचे काय? तेथील मतदारांनी क्लिंटन यांना मोठी आघाडी दिली, तरी एडवर्ड केनेडी आणि जॉन केरी हे त्या राज्याचे दोन्ही सिनेटर ओबामांच्याच बाजूला राहिले. त्यांना कोणी मतदारांचा कौल ऐकवला नाही. तत्त्व आपल्या सोयीपुरते वापरण्यात दोन्ही छावण्या सारख्याच तरबेज निघाल्या.

फ्लोरिडा आणि मिशिगन या राज्यांबाबत तर हा सोयीस्करपणा उघडाच पडला. ५ फेब्रुवारीआधी मतदान घेण्याची मुभा फक्त चार राज्यांना होती. या दोघांनी तारखा पुढे ओढल्या, म्हणून पक्षाच्या नियम समितीने त्यांचे सर्व प्रतिनिधी रद्द केले. ऑगस्ट २००७ मध्ये फ्लोरिडाविरुद्ध त्या निर्णयाच्या बाजूने मत देणाऱ्यांत क्लिंटन यांचे सल्लागार हॅरल्ड इकेस होते. मिशिगनच्या मतपत्रिकेवरून ओबामांनी आपले नाव काढून घेतले. क्लिंटन यांनी ठेवले. त्यांना ५५ टक्के मते मिळाली आणि ४० टक्के मतदारांनी ‘कोणालाही बांधील नाही’ या रकान्यात खूण केली. आघाडी हातची गेल्यावर त्याच छावणीला लोकशाहीची आठवण झाली, आणि ३१ मेच्या बैठकीत इकेस यांनी मिशिगनमधील चार प्रतिनिधींसाठी जोरदार आकांत मांडला. समितीने तोडगा काढला तो असा : दोन्ही राज्यांचे सर्व प्रतिनिधी येतील, पण प्रत्येकाला अर्धे मत असेल. मिशिगनचे १२८ प्रतिनिधी ६९ आणि ५९ असे वाटले गेले. यामुळे विजयासाठी लागणारा आकडा २,११८ झाला. ३ जूनला माँटाना आणि साउथ डकोटाचे मतदान होत असतानाच सुपर डेलिगेट्सची रीघ लागली आणि त्या रात्री ओबामांनी तो ओलांडला.

क्लिंटन यांची तक्रार नियमांच्या दृष्टीने टिकणारी नव्हती. धाव सुरू झाल्यावर अंतिम रेषा सरकवता येत नाही, आणि ज्या निवडणुकीत प्रतिस्पर्ध्याचे नावच नव्हते तिचा कौल प्रमाण मानणे हा कौलाचा अपमान आहे. पण तिच्या मुळाशी एक खरी वेदना होती, ती विजयाच्या गडबडीत झाकली जाऊ नये. फ्लोरिडात १७ लाखांहून अधिक आणि मिशिगनमध्ये सुमारे सहा लाख लोक आपले मत मोजले जाणार नाही, असे सांगितले गेल्यावरही मतदानाला आले. तारीख त्यांनी ठरवली नव्हती. फ्लोरिडात तर ती ठरवणाऱ्या विधिमंडळात रिपब्लिकनांचे बहुमत होते. शिक्षा राजकारण्यांना व्हायची, ती मतदारांना झाली.

कॉकसच्या पद्धतीबद्दलही असेच म्हणावे लागेल. वॉशिंग्टन राज्याने २००८ मध्ये कॉकस आणि मतदान दोन्ही घेतले. कॉकसमध्ये ओबामांना सुमारे ६८ टक्के पाठिंबा मिळाला. दहा दिवसांनी झालेल्या मतदानात जवळपास सात लाख लोकांनी भाग घेतला आणि तेथे त्यांची आघाडी ५१ विरुद्ध ४६ पर्यंत उतरली. प्रतिनिधी ठरले ते कॉकसवरून. मतदान केवळ शोभेचे होते. ठरल्या वेळी सभागृहात तास-दोन तास बसणे रात्रपाळीच्या परिचारिकेला, हॉटेलातल्या वाढप्याला किंवा तान्ह्या मुलाच्या आईला जमत नाही. ओबामांची संघटना चांगली होती यात शंका नाही. पण संघटनेला इतके झुकते माप देणारी पद्धत मतदाराला न्याय देते, असे म्हणवत नाही.

भारतातून या गोंधळाकडे बोट दाखवून हसणे सोपे आहे, पण हसणाऱ्याने आपल्या पक्षांत उमेदवारी कशी मिळते तेही सांगावे. आपल्याकडे तिकिटासाठी दिल्लीच्या वाऱ्या होतात आणि यादी मध्यरात्री बाहेर येते. कोणाच्या पारड्यात किती मते पडली, हे विचारण्याची सोय नसते, कारण मते कोणी मोजलेलीच नसतात. इकेस यांचा चार प्रतिनिधींसाठीचा त्रागा निदान दूरचित्रवाणीवर सर्वांसमक्ष झाला.

डेमोक्रॅटिक पक्षापुढे तेव्हा दोन महिने होते. फ्लोरिडा आणि मिशिगनच्या प्रतिनिधींचे उरलेले अर्धे मत परत देण्याचा अधिकार महाअधिवेशनाला होता. ओबामांना तेव्हा त्याने काहीही धोका नव्हता, आणि नोव्हेंबरमध्ये त्यांना ही दोन्ही राज्ये हवी होती. ती उदारता ते दाखवतील अशीच चिन्हे होती. अधिक अवघड काम २०१२ च्या वेळापत्रकाचे होते. आयोवा आणि न्यू हॅम्पशायर यांनाच दरवेळी पहिला मान का, हा मिशिगनचा मूळ प्रश्न होता, आणि त्याला तोवर कोणी उत्तर दिलेले नव्हते.