तांबेऱ्याचा चोखंदळपणा

तांबेरा ही बुरशी म्हटली की गहू-सोयाबीनवाल्याच्या कपाळाला आठी पडते. तण मारण्यासाठी तोच परदेशातून आणून रानात सोडावा, हे त्याला वेडेपणाचेच वाटणार. ऑस्ट्रेलियाने १९७१ मध्ये ते केले. तिथल्या गव्हाच्या पट्ट्यात ‘स्केलेटन वीड’ हे भूमध्यसागराकडचे तण माजले होते. त्याचे तारेसारखे दांडे आणि चीक कापणीयंत्रात अडकत, आणि नांगराने तुटलेल्या मुळाचा तुकडा पुन्हा फुटे. म्हणजे मशागत करावी तेवढे तण वाढावे! तेव्हा इटलीतून त्या तणावरचा तांबेरा आणला गेला, आणि वाऱ्यावर स्वार होऊन तो पहिल्याच हंगामात शेकडो किलोमीटर पसरला.

तो उद्या गव्हावर चढला तर, ही पहिली शंका. पण तांबेऱ्याचे पोट मेलेल्या पानावर भरत नाही. बीजाणू दवाने भिजलेल्या पानावर रुजतो, त्याचा तंतू पर्णरंध्र शोधून आत शिरतो आणि जिवंत पेशीत शोषके खुपसतो. पेशी मेली तर त्याचीही उपासमार, म्हणून तिला न मारता, तिच्या प्रतिकाराला चुकवून त्याला खावे लागते. दोनेक आठवड्यांत पानाची साल फाटून तांबूस पूड बाहेर पडते. ही जवळीक विशिष्ट यजमानाशीच जमते. शिवाय स्केलेटन वीड सूर्यफूल-लेट्यूसच्या कुळातले; गहू तर गवतवर्गातला, फार दूरचा. धोका असलाच तर नात्यातल्या पिकांना, आणि पारख तिथेच करायची असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अरुंद पानांचा प्रकार तांबेऱ्याने खचला, पण रुंद पानांच्या प्रकारांना तो लागला नाही आणि मोकळ्या झालेल्या जागेत तेच फोफावले. याला काही जण अपयश म्हणतात. मला ते पटत नाही. या तणाचे बी परागणाशिवाय धरते, त्यामुळे एका प्रकारची सगळी झाडे जवळपास एकाच साच्यातली. साथ झपाट्याने पसरली ती म्हणून, आणि दुसरा साचा सुटला तोही म्हणूनच. गहू सुरक्षित राहावा आणि तणाचा एकही प्रकार वाचू नये, या दोन मागण्या एकाच बुरशीकडे करणे म्हणजे तिने चोखंदळही असावे आणि नसावेही. उरलेल्या प्रकारांसाठी तांबेऱ्याचे दुसरे वाण शोधावे लागतात, एवढाच याचा अर्थ.

गाजर गवतावरही ऑस्ट्रेलियात मेक्सिकोचे तांबेरे सोडले गेले आहेत. आपल्याकडे तसा प्रस्ताव आला, तर गव्हाच्या भीतीवर वाद घालण्यात वेळ दवडू नये. सूर्यफूल, कारळा, झेंडू आणि शेवंती ही गाजर गवताच्याच कुळातली पिके. त्यांच्या प्रत्येक वाणावरच्या चाचण्यांचे निकाल आधी मागावेत.